भीतीची परीक्षा

वाट चुकू लागलेल्या मुलाला एकदा तुरुंग आतून दाखवावा, म्हणजे तो आपोआप ताळ्यावर येईल, हा विचार बहुतेकांना पटतो. अमेरिकेत तो प्रत्यक्षात आणला गेला, त्यावर गाजलेला माहितीपट निघाला आणि पुढे त्याची शास्त्रीय परीक्षाही झाली. त्या परीक्षेचा इतिहास शिक्षकांनी जाणून घ्यावा असा आहे.

1976 साली न्यू जर्सी राज्यातील राहवे तुरुंगात जन्मठेप किंवा तशीच दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांच्या एका गटाने हा उपक्रम सुरू केला. पोलिसांच्या नजरेत आलेल्या किंवा येण्याच्या बेतात असलेल्या किशोरवयीन मुलांना काही तासांसाठी तुरुंगात आणले जाई. कैदी त्यांच्या अंगावर धावून जात, शिवीगाळ करीत, तुरुंगातील मारहाण, बलात्कार आणि खून यांची वर्णने ऐकवीत. कैद्यांचा हेतू मात्र प्रामाणिक होता. आपली जी गत झाली ती या पोरांची होऊ नये, एवढेच त्यांना हवे होते.

अर्नोल्ड शापिरो यांनी या उपक्रमावर 1978 साली ‘स्केअर्ड स्ट्रेट!’ हा माहितीपट काढला. त्यात 17 मुले दिसतात. येताना उद्दाम असलेली ही मुले जाताना पांढरीफटक पडलेली असतात. त्यांपैकी 16 जण पुढील तीन महिने सरळ वागले, असे माहितीपट सांगतो. या उपक्रमातून गेलेली 80 ते 90 टक्के मुले सुधारतात, असाही दावा त्यात होता. 1979 साली माहितीपटाला ऑस्कर मिळाले, आणि असे कार्यक्रम इतर राज्यांतही सुरू झाले.

आता त्या 80 ते 90 टक्क्यांकडे जरा बारकाईने पाहू. हा आकडा मोठा वाटतो, पण मोठा म्हणजे कशापेक्षा? तुरुंगात न नेलेल्या, इतर बाबतींत तशाच मुलांपैकी किती जण सरळ राहतात, हे कळल्याशिवाय या आकड्याला अर्थ येत नाही. खत घातलेल्या वाफ्यातील रोपे वाढली एवढ्यावरून खताचा गुण ठरत नाही. शेजारी बिनखताचा वाफा लागतो.

हा बिनखताचा वाफा तयार केला रटगर्स विद्यापीठातील जेम्स फिंकनॉवर यांनी. राहवेच्या उपक्रमासाठी योग्य अशा 81 मुलांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांपैकी 46 जण तुरुंगात जाऊन आले, 35 जणांना नेले नाही. पुढील सहा महिन्यांत जाऊन आलेल्यांपैकी 19 मुलांच्या, म्हणजे 41 टक्क्यांच्या हातून पुन्हा गुन्हा घडला. न गेलेल्यांत अशी मुले फक्त 4, म्हणजे 11 टक्के होती.

हेच आकडे उलट बाजूने वाचा. तुरुंग न पाहिलेल्या 35 मुलांपैकी 31, म्हणजे जवळजवळ 89 टक्के मुले सरळ राहिली. माहितीपट ज्याला यश म्हणत होता, तेवढे यश या मुलांनी तुरुंगात पाऊल न टाकताच मिळवले होते!

अर्थात या अभ्यासातही एक उणीव होती. कोणी जायचे आणि कोणी नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे निव्वळ योगायोगाने ठरायला हवे होते. मुले पाठवणाऱ्या काही संस्थांनी तो नियम पाळला नाही. त्यामुळे दोन्ही गट सुरुवातीला अगदी सारखे होते असे म्हणता येत नाही, आणि एकट्या राहवेवरून निकाल देणे घाईचे ठरले असते.

पण पुरावा तेवढाच नव्हता. राहवेचा उपक्रम सुरू होण्याच्या नऊ वर्षे आधी, 1967 साली, मिशिगन राज्याच्या तुरुंग खात्याने 60 मुलांवर अशीच चाचणी घेतली होती. तिच्यात तुरुंग पाहून आलेल्यांपैकी 43 टक्के मुले पुन्हा गुन्ह्याकडे वळली, न गेलेल्यांपैकी 17 टक्के. हा निष्कर्ष खात्याच्या अहवालात पडून राहिला. माहितीपट मात्र घरोघरी पोचला.

अँथनी पेट्रोसिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 ते 1992 या काळातील अशा नऊ चाचण्या शोधून काढल्या आणि 2002 साली त्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. आठ राज्यांतील मिळून जवळपास एक हजार मुले त्यांत होती. ज्या सात चाचण्यांचे आकडे एकत्र करता आले, त्यांतून निघालेला निष्कर्ष स्पष्ट होता: अशा कार्यक्रमाला पाठवण्यापेक्षा काहीच न करणे बरे. 2013 साली आढावा पुन्हा तपासला गेला, तेव्हाही निष्कर्ष बदलला नाही.

असे का व्हावे? याचे नेमके उत्तर या चाचण्या देत नाहीत. एक शक्यता अशी, की वाट चुकलेली मुले एकत्र आणली की ती एकमेकांकडून धडे घेतात. दुसरी, की चारचौघांत दरडावलेला किशोर आपण घाबरलो नाही हे दाखवायला निघतो. तिसरी शक्यता जुन्या विचाराशी जुळते. शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती मिळण्याची खात्री अधिक धाक घालते, असे इटलीच्या बेकारिया यांनी 1764 सालीच मांडले होते. राहवेतील आरडाओरडा क्रौर्य दाखवत होता. पकडले जाण्याची खात्री त्याने तसूभरही वाढत नव्हती.

चाचणीसाठी निम्म्या मुलांना उपायापासून वंचित ठेवणे अन्याय नव्हे काय, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. इथे त्याचे उत्तर आकड्यांनीच दिले. वंचित राहिलेली मुलेच सुदैवी ठरली. परीक्षा न घेता उपाय सर्वत्र लागू करण्यातच खरा अन्याय होता.

तरीही 2011 साली याच कल्पनेवर अमेरिकेत नवी दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि ती 2015 पर्यंत चालली. हे उपक्रम निरुपयोगीच नव्हे तर घातकही ठरू शकतात, असा इशारा तिथल्या न्याय खात्यातील अधिकाऱ्यांना जाहीरपणे द्यावा लागला. रडवेला चेहरा पडद्यावर लगेच दिसतो. सहा महिन्यांनंतरचा गुन्हा कोणी चित्रित करीत नाही.

मुलांना शिस्त लावण्याचे उपाय शाळेपुढेही सतत येत असतात. असा उपाय घेऊन कोणी आले आणि नव्वद टक्के यश मिळाल्याचे सांगू लागले, तर एवढेच विचारावे: ज्या मुलांवर तो केला नाही, त्यांचे काय झाले?