सिंकोनाची साल आणि औषधाचें माप

औषधाचा गुण त्याच्या नांवांत नसून त्याच्या मापांत असतो. बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग आणि बरोबर वेळ, या पांच गोष्टी पाहिल्यावांचून कोणासही औषध देऊं नये, असें परिचारिकेस आरंभींच शिकवितात. हा धडा मनुष्यजातीस सुखासुखीं मिळालेला नाहीं. त्याच्या इतिहासांत ख्रिस्तसभेचाही वांटा आहे, आणि तो हिंवतापावरील सिंकोनाच्या सालीच्या हकीकतींत स्पष्ट दिसतो.

सिंकोनाचें झाड दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांतलें. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीनें बरी झाली, अशी आख्यायिका फार दिवस चालत आली. तिच्याच नांवावरून लिनियसनें १७४२ सालीं या झाडास सिंकोना हें नांव दिलें. परंतु त्या व्हाइसरॉयच्या काळच्या रोजनिशीवरून ही गोष्ट खरी ठरत नाहीं. साल युरोपांत पोहोंचविण्याचें श्रेय मुख्यतः पेरूंतील येशूसंघीयांस आहे.

त्या काळीं रोम शहरास हिंवतापाचें मोठें भय असे. १६२३ सालच्या पोपनिवडणुकीच्या वेळीं कित्येक कार्डिनल तापानें पडले व त्यांतील कांहीं दगावलेही. पुढें कार्डिनल हुआन दे लुगो या येशूसंघीयानें पदरचे पैसे खर्चून साल विकत घेतली व ती गोरगरीब रुग्णांस वांटली. १६४९ च्या सुमारास रोममधील येशूसंघाच्या औषधशाळेंतून एक छापील पत्रक निघालें. एक वा दोन दिवसांआड येणाऱ्या तापाच्या रुग्णास सालीची वस्त्रगाळ पूड दोन ड्रॅम, म्हणजे सुमारें ७ ग्रॅम, कडक पांढऱ्या द्राक्षासवांतून, थंडीची पहिली चाहूल लागतांच पाजावी, अशी त्यांतील सूचना. वाचकांनीं नीट पाहावें: रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग व वेळ, पांचही गोष्टी त्या लहानशा कागदावर आहेत.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडांत घडलें. तेथें ‘जेझुइटांची पूड’ म्हणून पुष्कळांनीं या औषधाचा तिरस्कार केला. रॉबर्ट टॅल्बर नांवाच्या गृहस्थानें मात्र तीच साल गुप्त औषध म्हणून देऊन कीर्ति मिळविली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें तें गुपित विकत घेतलें, आणि १६८१ सालीं टॅल्बर वारल्यावर १६८२ सालीं तें प्रसिद्ध झालें. औषध लपविणाऱ्यास धन मिळालें. माप छापणाऱ्यांमुळें इतरांसही उपचार करतां आला.

तरीही एक अडचण उरली. सर्व झाडांच्या सालींत गुण सारखा नसे. म्हणून तीच पूड एकास अपुरी पडे, तर दुसऱ्यास अधिक होई. १८२० सालीं पॅरिसमध्यें पेलेतिए व काव्हांतू यांनीं सालींतून क्विनीन वेगळें काढलें, तेव्हां कोठें खरें वजन करून मात्रा देणें शक्य झालें. १८६० नंतर निलगिरींत सिंकोनाची लागवड झाली, आणि १८९२ पासून बंगालच्या टपालकचेऱ्यांत क्विनीनच्या पुड्या पैशाला मिळूं लागल्या.

क्विनीन रक्ताच्या तांबड्या पेशींतील हिंवतापाच्या जंतूंस मारतें. मात्रा वाढली कीं कानांत घणघण होते, ऐकूं कमी येतें, दृष्टि अंधुक होते. रक्तांतील साखरही उतरूं शकते. शिरेंतून तें द्यावयाचें झाल्यास पातळ करून तासन्‌तास हळूहळू द्यावें लागतें. एकदम दिल्यास हृदयाची क्रिया बिघडून प्राणावर बेततें. आज गंभीर हिंवतापांत आर्टेसुनेट या औषधास पहिलें स्थान आहे. ज्या आर्टेमिसिनीनपासून तें बनतें, त्याच्या शोधाबद्दल चीनमधील तू यूयू यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. औषध बदललें, पण पांच प्रश्न बदलले नाहींत.

म्हणून परिचर्येचें शिक्षण घेणाऱ्या आपल्या कन्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, रुग्णाच्या खाटेशीं दयाळू हात तर हवाच, पण तो मोजणारा हात असावा. मापावांचून केलेली दया रुग्णाचा घातही करूं शकते.