हॉटर, हान्स

हॉटर, हान्स : (१९ जानेवारी १९०९ – ६ डिसेंबर २००३). जर्मन ऑपेरागायक आणि विसाव्या शतकातील श्रेष्ठ बास-बॅरिटोन. बास या सर्वांत खालच्या पुरुषी आवाजाचे वजन आणि बॅरिटोनची वरच्या स्वरांवरील पकड ज्या गळ्यात एकत्र येते, त्याला बास-बॅरिटोन म्हणतात.

हॉटरचा जन्म ओफेनबाख येथे झाला, शिक्षण म्युनिकमध्ये. गायनाकडे वळण्यापूर्वी तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवी. १९३० च्या सुमारास ट्रॉपाउ (आताचे चेक प्रजासत्ताकातील ओपावा) येथे त्याने रंगभूमीवर पदार्पण केले. प्राग आणि हॅम्बर्गनंतर १९३७ पासून तो म्युनिकच्या ऑपेरात होता. तेथे रिखार्ट श्ट्राउसच्या ‘फ्रीडेन्सटाग’ (१९३८) व ‘काप्रिचो’ (१९४२) यांच्या पहिल्या प्रयोगांत त्याने गायिले. श्ट्राउसच्याच ‘डी लीबे डेर डानाए’मधील ज्युपिटर मात्र १९४४ साली झाल्सबुर्कच्या रंगीत तालमीपुरताच त्याच्या वाट्याला आला, कारण युद्धामुळे नाट्यगृहे बंद झाली होती. नाझी राजवटीत तो जर्मनीतच गात राहिला, पण पक्षाचा सदस्य झाला नाही.

युद्धानंतर लंडनचे कॉव्हेंट गार्डन, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन (१९५०–५४) आणि १९५२ पासून बायरॉइटचा महोत्सव येथे त्याने नाव मिळवले. वाग्नरच्या ‘रिंग’ नाट्यचतुष्टयातील वोटान ही त्याची मुख्य भूमिका. धिप्पाड देह आणि भारदस्त आवाज यांच्या जोरावर हा देवाधिपती नुसता गर्जत ठेवणे सोपे होते. हॉटरने ते टाळले. या चतुष्टयातील ‘डी वाल्क्यूरे’च्या दुसऱ्या अंकातील दीर्घ स्वगत तो जवळजवळ कुजबुजत सुरू करी, आणि तेवढ्यावरही शब्दन् शब्द प्रेक्षागृहात पोहोचत असे. हा संयम त्याने पियानोच्या साथीने गायिल्या जाणाऱ्या जर्मन भावगीतांतून कमावला असावा. शूबर्टची ‘विंटरराइजे’ ही गीतमाला त्याने अनेकदा ध्वनिमुद्रित केली. त्यांपैकी पियानोवादक जेराल्ड मूरच्या साथीचे १९५४ चे ध्वनिमुद्रण विशेष गाजले.

दम्यामुळे त्याच्या आवाजात कधीकधी कंप येई. उतारवयात हा कंप वाढला. १९६१ पासून कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याने ‘रिंग’चे दिग्दर्शनही केले. १९७२ मध्ये वोटान सोडल्यावरही तो छोट्या भूमिका करीत राहिला आणि ऐंशी ओलांडल्यानंतरही श्योनबेर्गच्या ‘गुरेलीडर’मध्ये निवेदक म्हणून उभा राहत असे.

शॉल्टीच्या संचालनाखालील ‘डी वाल्क्यूरे’चे ध्वनिमुद्रण (१९६५) प्रसिद्ध असले, तरी तोवर आवाज थकला होता. क्लेमेन्स क्राउसने संचालित केलेले १९५३ चे बायरॉइट येथील ध्वनिमुद्रण त्याहून सरस आहे.