लोझानचे ऑलिम्पिक संग्रहालय

स्वित्झर्लंडमधील लोझान हे शहर जिनिव्हा सरोवराच्या उत्तर काठावर वसले आहे. आधुनिक ऑलिम्पिकचे प्रवर्तक पिअर द कुबर्तिन यांनी १९१५ मध्ये, पहिले महायुद्ध भडकले असताना, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे मुख्यालय या तटस्थ देशात आणले. युद्धामुळे १९१६ चे बर्लिन ऑलिम्पिक होऊच शकले नाही. ऑलिम्पिकच्या स्मृती जतन करणारे संग्रहालय याच शहरात असण्यामागे हा इतिहास आहे.

समितीचे तत्कालीन अध्यक्ष हुआन अन्तोनिओ सामारांच यांच्या पुढाकाराने उभारलेल्या आजच्या वास्तूचे उद्घाटन २३ जून १९९३ रोजी झाले. १९९५ मध्ये तिला युरोपातील सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार मिळाला. नूतनीकरणानंतर डिसेंबर २०१३ मध्ये ती पुन्हा खुली झाली. भोवतीच्या उद्यानात शिल्पे मांडलेली आहेत. त्यांत नळीला गाठ मारलेले पिस्तूल लक्ष वेधून घेते. कार्ल फ्रेडरिक रॉयटर्सवार्ड या स्वीडिश शिल्पकाराची ती कलाकृती आहे.

आतील कायमस्वरूपी प्रदर्शन तीन भागांत आहे. पहिल्यात प्राचीन ऑलिंपियापासून कुबर्तिन यांच्या कार्यापर्यंतचा इतिहास, दुसऱ्यात प्रत्यक्ष स्पर्धा आणि तिसऱ्यात खेळाडूंची जडणघडण व ऑलिम्पिकचे तत्त्वज्ञान उलगडते. पदकांचा इतिहासही उद्बोधक आहे. १८९६ मध्ये अथेन्सला विजेत्यास सुवर्ण नव्हे, तर रौप्यपदक मिळाले होते. सुवर्णपदकाची प्रथा १९०४ मध्ये सुरू झाली. आजचे सुवर्णपदकही मुख्यत्वे चांदीचेच असून त्यावर किमान सहा ग्रॅम सोन्याचा मुलामा असतो.

मशालींचा संग्रह मात्र प्रेक्षकाला अंतर्मुख करतो. मशाल दौड ही प्राचीन ग्रीक परंपरा असल्याचा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ऑलिंपियाहून ज्योत आणण्याची ही प्रथा १९३६ मध्ये, नाझी राजवटीतील बर्लिन ऑलिम्पिकसाठी सुरू झाली. त्या वेळच्या मशाली क्रुप या शस्त्रनिर्मात्या कंपनीने तयार केल्या होत्या. त्यानंतर तीनच वर्षांनी दुसरे महायुद्ध पेटले आणि १९४० व १९४४ ची ऑलिम्पिक रद्द झाली. आज शांततेचे प्रतीक मानल्या जाणाऱ्या ज्योतीचा उगम प्रचारतंत्रात आहे, हे ध्यानात घेऊन हा संग्रह पाहिला, तर खेळ आणि राजकारण यांचे नाते स्पष्ट होते.

मराठी पर्यटकाला येथे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवून त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक जिंकले. ७२ वर्षांनी, २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक पटकावले.

जिनिव्हाहून रेल्वेने सुमारे पाऊण तासात लोझान गाठता येते. रेल्वे स्थानकावरून सरोवराकाठच्या उशी भागापर्यंत मेट्रो जाते. तेथून संग्रहालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे. घाई न करता पाहण्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवणे श्रेयस्कर.