आपल्या बेताची सायकल

मंडळाच्या स्मरणिकेत सायकलीवर लेख कशाला, असे कोणी विचारील, आणि विचारणे योग्यच आहे. परंतु अलीकडे आपल्या उपनगरांतील पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी भगिनींच्या मनात सायकलीने घर केले आहे. मुले मार्गी लागलेली असतात, सकाळचा एक तास स्वतःचा म्हणून हाती येतो आणि वाटते की, आरेच्या रस्त्याने एक फेरी मारून यावी. दुकानात गेल्यावर मात्र नातवाची वाकून चालवायची गिअरची सायकल, नाहीतर नातीची टोपलीवाली छोटी सायकल, ह्या दोहोंखेरीज तिसरे काही सहसा पुढे येत नाही. जिला शर्यत करायची नाही, शाळेत जायचे नाही, दुधाच्या किटल्याही वाहायच्या नाहीत, केवळ आरामात फिरायचे आहे, अशा प्रौढ बाईसाठी सायकल निघालीच नाही काय? निघाली, आणि तिला शंभराहून अधिक वर्षे झाली. ती आपल्या दारापर्यंत का आली नाही, ते पाहण्यासारखे आहे.

आरंभीची सायकल बाईमाणसासाठी नव्हतीच. पुढचे चाक पुरुषभर उंच, मागचे ताटाएवढे, आणि बसायचे त्या उंच चाकाच्या माथ्यावर! पायघोळ झगा घालून तिच्यावर चढणे अशक्य. म्हणून विलायतेतील श्रीमंत स्त्रिया तीनचाकी चालवीत. १८८१ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने अशा दोन गाड्या मागविल्या होत्या. पुढे १८८५ साली कॉव्हेंट्री गावच्या जॉन केंप स्टार्ली ह्यांनी दोन्ही चाके जवळजवळ सारखी ठेवून मागच्या चाकाला साखळी जोडली आणि बसणाराचे पाय जमिनीजवळ आणले. १८८८ साली डनलॉप ह्यांनी हवेचा टायर काढला. आज आपण जिला सायकल म्हणतो ती ह्या दोन शोधांची. त्यानंतर लवकरच मधला आडवा दांडा खाली वाकवून स्त्रियांची सायकल तयार झाली. साखळीला पूर्ण झाकण आणि मागच्या चाकावर झगा अडकू नये म्हणून जाळी, हेही त्याच काळातले.

त्या दांड्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण सगळे घोडे तिथेच अडले होते. सायकलीचा सांगाडा मजबूत असतो तो त्याच्या त्रिकोणामुळे. वरचा दांडा काढला की त्रिकोण मोडतो, आणि तो जोर भरून काढण्यासाठी बाकीच्या नळ्या जाड कराव्या लागतात. म्हणून लेडीज सायकल दिसायला नाजूक असली तरी वजनाला हलकी असतेच असे नाही.

प्रौढपणी सायकल शिकण्याचा प्रश्न निघाला म्हणजे मला फ्रान्सेस विलर्ड ह्या अमेरिकन बाईंची आठवण होते. दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या प्रचंड संघटनेच्या त्या अध्यक्ष. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना त्यांचा ह्या बाईंशी परिचय झाला होता, आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या अमेरिकेवरील मराठी पुस्तकात ह्या चळवळीची माहिती आली आहे. सायकलीची गोष्ट त्यानंतरची. विलर्डबाईंनी त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकायला घेतली. दररोज दहा-पंधरा मिनिटे असे करीत त्यांना सुमारे तीन महिने लागले. सायकलीचे नाव त्यांनी ‘ग्लॅडिस’ ठेवले आणि ह्या साऱ्या खटाटोपावर १८९५ साली एक छोटे पुस्तकही लिहिले. आपल्यापैकी ज्यांना ‘आता ह्या वयात?’ असे वाटते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा: त्रेपन्न.

आता आपल्या मुंबईकडे वळू. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले, आणि त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. त्याच १९२८ साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली. उपनगरांची वस्ती ह्या गाड्यांच्या आधाराने वाढली. पुढे १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. घरे स्टेशनापासून लांब, रस्ते कच्चे, मधे शेते आणि चिखल. घर ते स्टेशन हे अंतर चालत, घोडागाडीने किंवा सायकलीने कापायचे. पाववाला, पोस्टमन, दूधवाला, डबेवाला ही सारी मंडळी सायकलवर. नाक्यानाक्यावर तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. ज्यांच्या घरी सायकल नव्हती ती मुले तिथेच शिकली, आणि धीट मुलीही. पण सायकल पुरुषी, म्हणून दांड्याच्या खालून पाय घालून, अर्धे पायडल मारीत, अंग वाकडे करून! पुष्कळजणींचे सायकलशिक्षण तिथेच संपले. न्हाणीघरातून मुलगी बाहेर आली की सायकल बंद, हा अनेक घरांचा अलिखित नियम होता.

आणखी एक गोष्ट, जी आपण बायकांनीच बोलली पाहिजे. त्या काळी जावयाला द्यायच्या वस्तूंत घड्याळ आणि रेडिओ ह्यांच्या बरोबरीने सायकल असे. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी ही मागणी एकदम थांबली नाही. म्हणजे सायकल घरात आली ती पुष्कळदा सुनेच्या माहेरच्या पैशाने, आणि तिच्यावर बसण्याचा हक्क एवढाच की, मागच्या कॅरिअरवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून. बापाने कर्ज काढून घेतलेल्या त्या सायकलीचे हँडल आयुष्यात एकदाही हाती न धरलेल्या बायका आपल्या आईच्या पिढीत थोड्या नव्हत्या.

कारखाने होते. आपल्या वरळीलाच हिंद सायकल्सचा कारखाना होता. पुढे तो अडचणीत आला आणि १९८० साली संसदेने कायदा करून तो व आसनसोलची सेन-रॅले कंपनी ह्या दोन्हींचे राष्ट्रीयीकरण केले. त्याने तो वाचला मात्र नाही. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली, सोनिपतला १९५१ साली आणि लुधियानाला १९५६ साली टी.आय., अॅटलास व हीरो ह्यांचे कारखाने सुरू झाले. ह्यांपैकी अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. ह्या सर्वांनी लाखो सायकली काढल्या, लेडीज सायकलीही काढल्या. पण मुख्य गिऱ्हाईक होते ओझे वाहणारे. काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची, वीस किलोच्या आसपास वजनाची सायकल हीच सायकल म्हणून सर्वत्र रुजली.

गंमत अशी की, ह्या दूधवाल्याच्या सायकलीत आराम पुरेपूर होता. तिचा सांगाडा मागे रेललेला, हँडल उंच आणि आत वळलेले, सीट स्प्रिंगचे व कातडी. बसणारा ताठ बसतो, पाठ वाकत नाही, मान वर राहते. आज ‘आरामाची सायकल’ म्हणून जे सांगितले जाते तेच हे! नडत होते ते फक्त वजन, उंची आणि दांडा. पाच फुटांच्या आसपास उंचीच्या बाईचा पाय तिथून जमिनीला टेकत नाही, आणि ज्या वाहनावरून पाय टेकत नाही त्याची भीती जात नाही.

साडीचेही असेच. नऊवारीला कासोटा असल्याने खरे तर ती सायकलीला सहावारीपेक्षा सोयीची. परंतु शहरात सायकली वाढल्या तेव्हा नऊवारी मागे पडत चालली होती. पुढे पंजाबी ड्रेस आला आणि मुलींपुरता हा प्रश्न शिंप्यानेच सोडवून टाकला. पुण्यात मुलींच्या सायकली पुष्कळ झाल्या, कारण तिथे कॉलेज, नोकरी, घर सगळे सायकलीच्या पल्ल्यात. इरावती कर्वेबाई तर १९५२ च्या सुमारास पुण्यात स्कूटर चालवीत. आपल्या उपनगरांतील मुलगी मात्र घरातून निघाली की लोकलच्या बायकांच्या डब्यात शिरली. तिला सायकलीची गरज स्टेशनापुरतीच, आणि तिथे ठेवायला सुरक्षित जागा कुठली?

दांडा नसणे म्हणजेच सोय, असेही समजू नये. १९९१ च्या सुमारास तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेबरोबर खेड्यांतील बायकांना सायकल शिकविण्यात आली. कलेक्टर शीलाराणी चुंकत ह्यांनी ही गोष्ट मनावर घेतली होती. हजारो बायका शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ ह्यांनी त्याविषयी लिहिताना नोंदविले आहे की, त्यांतील अनेकींना पुरुषी सायकलच हवी होती, कारण पुढच्या दांड्यावर मूल बसविता येते. पाणी आणणारी, मूल नेणारी बाई एक सायकल पसंत करते, आणि मूल मोठे झालेली, सकाळी हिंडायला निघालेली बाई दुसरी.

ही दुसरी सायकल अमेरिकेत जन्मली, आणि तीही मोठ्यांसाठी नव्हे. १९३३ साली, मंदीच्या दिवसांत, शिकागोच्या श्विन कंपनीने मुलांसाठी मोटारसायकलीसारखी दिसणारी जाडजूड सायकल काढली. टायर दोन इंचांहून रुंद, हवा कमी दाबाची, त्यामुळे खड्ड्याचा हिसका टायरच गिळून टाकी. पुढे हलक्या सायकली आल्या आणि ही अडगळीत गेली. १९७० नंतर कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी लोकांनी ती जुन्या बाजारातून उचलली, आणि ‘क्रूझर’ ह्या नावाने तिला दुसरा जन्म मिळाला. २००० नंतर त्यांतच एक सुधारणा झाली: पायडले सीटच्या सरळ खाली न ठेवता थोडी पुढे सरकविली. त्यामुळे सीटवर बसल्याबसल्या दोन्ही तळवे जमिनीवर टेकतात आणि तरी चालविताना पाय पुरेसा लांबतो. आमच्या मते स्टार्लींनंतर प्रौढ शिकाऊंसाठी झालेली सर्वांत उपयोगी सुधारणा हीच. ती गाजली मात्र नाही. आपल्याकडे त्याच सुमारास गिअर आणि शॉकअॅब्सॉर्बर असलेल्या डोंगरी सायकलींची टूम निघाली होती, आणि दुकानदार अजून तीच पुढे करतात.

आता घ्यायची झाली तर काय पाहावे? पहिली गोष्ट, सायकल चाकांच्या मापावरून न घेता बसून घ्यावी, आणि रोज जे नेसतो, घालतो त्याच वेषात बसून पाहावी. शिकत असताना दोन्ही पाय टेकतील इतके सीट खाली हवे. हात बसला की ते चढवावे, इतके की पायडल सर्वांत खाली असता गुडघा किंचितच वाकलेला राहील. पुष्कळजणी सीट कायमचे खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलीलाच दोष देतात. दुसरी गोष्ट सीटची. वाकून बसणाराचा भार हातांवर वाटला जातो. ताठ बसणाराचा जवळजवळ सगळा भार बसण्याच्या दोन हाडांवर येतो. म्हणून ताठ बसायच्या सायकलीला रुंद सीट हवे. बायकांत ह्या हाडांमधील अंतर साधारणपणे अधिक असते, तेव्हा पुरुषांचे अरुंद सीट आपल्याला बोचले तर तो आपल्या वयाचा दोष नव्हे. मात्र फार मऊ, गादीसारखे सीट दुकानात छान वाटते आणि अर्ध्या तासाने हाडे त्यात रुतून दुखू लागतात.

क्रूझरला दोष आहेत, तेही सांगितले पाहिजेत. ती जड असते. इमारतीला लिफ्ट नसेल आणि खाली ठेवायला जागा नसेल तर तिसऱ्या मजल्यावर चढविणे जमायचे नाही. एकाच गिअरची असेल तर सपाटीवर सुख, चढावर हाल. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, जिथे कित्येक वर्षे सायकली भाड्याने मिळत आल्या आहेत, आतला सपाट रस्ता तिला छान. तिथून कान्हेरी लेण्यांकडे वर चढणारा रस्ता तिचा नव्हे. आरेतून पवईकडे जायचे तर निदान तीन गिअर हवेत. बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडून गोराईला गेले, तर तिथला सपाट रस्ता तिच्यासाठीच केल्यासारखा आहे. मुलुंड-घाटकोपरच्या भगिनींसाठी तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग करण्याची योजना महापालिकेने आखली होती. दहिसर-आरे बाजूला २०२२ साली सुरू झालेल्या मेट्रोत सायकल डब्यात नेण्यास मुभा देण्यात आली, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

साखळीचे झाकण पूर्ण असावे, अर्धे नको. ओढणी आणि साडीचा पदर दोन्ही अर्ध्या झाकणात सापडतात. पुढच्या टोपलीत भाजी ठेवायची असेल तर थोडीच. पुढे वजन वाढले की हँडल ओढू लागते, म्हणून जड पिशवी मागच्या कॅरिअरवर. आणि चाक शक्यतो सव्वीस इंची घ्यावे. काही नव्या गाड्यांना निराळ्याच मापाचे टायर असतात आणि पंक्चर झाले की ट्यूबसाठी हिंडावे लागते. सव्वीस इंची ट्यूब नाक्यावरच्या साध्या पंक्चरवाल्याकडेही मिळते.