मधुमेह (प्रकार २) : औषधी वनस्पती व औषधे

प्रकार २ च्या मधुमेहात स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवत असते. पण यकृत, स्नायू व चरबी त्याला पुरेशी दाद देत नाहीत आणि कालांतराने ते स्रवणेही कमी पडू लागते. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक, अथवा साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक भरल्यास मधुमेहाचे निदान करतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असून सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले.

चरकसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे लघवीशी निगडित विकारांचे, वीस प्रकार दिले आहेत. त्यांपैकी चार वातज, म्हणजे वातदोषातून होणारे, असून मधुमेह त्यांतच मोडतो, आणि हे चारही असाध्य मानले आहेत. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे सांगत चूर्ण विकणारे चरकाचे नाव घेतात, एवढा भाग मात्र गाळतात.

आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी मधुमेहाची गोळी, मेटफॉर्मिन, हिची वंशावळ एका वनस्पतीपर्यंत जाते. गॅलेगा ऑफिसिनॅलिस हे शेंगावर्गीय रोपटे युरोपातील जुन्या औषधींपैकी एक. ते भरपूर खाल्लेली गुरे-मेंढरे दगावतात. त्यातील गॅलेजिन हे द्रव्य ग्वानिडीन गटातले असून १९२० च्या दशकात ते मधुमेहींना देऊन पाहण्यात आले. साखर उतरे, पण परिणाम फार काळ टिकत नसे आणि विषारीपणा सुटत नसे. याच रासायनिक कुळातले मेटफॉर्मिन वेर्नर व बेल यांनी डब्लिन येथे १९२२ साली तयार केले होते. परंतु इन्सुलिनच्या गाजावाजात त्याकडे कोणी फिरकले नाही. फ्रेंच वैद्य झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये ते रुग्णांवर वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याचे भावंड फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल साचवून जिवावर उठू लागल्याने अमेरिकेत १९७० च्या दशकाअखेरीस मागे घेतले गेले. भारतात त्यावर बंदी यायला २००३ उजाडले. मेटफॉर्मिन यकृतातील साखरनिर्मितीला लगाम घालते. १९९८ साली ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासात वजन जास्त असलेल्या रुग्णांत त्याने हृदयविकाराचे झटके कमी केल्याचे दिसले, तेव्हा त्याचे आसन पक्के झाले. पोट बिघडणे ही नेहमीची तक्रार. जेवणासोबत घेतल्यास ती कमी होते. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व घटते, आणि मूत्रपिंडे फार निकामी झाली असल्यास ते देत नाहीत.

ग्लिफ्लोझिन या औषधगटाचा उगमही झाडातच आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळे केलेले फ्लोरिझिन साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्याची सुधारित रूपे डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही आता हृदय व मूत्रपिंड यांच्या रक्षणासाठीही दिली जातात. ग्लिमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात; स्वस्त आणि जोरकस, पण जेवण चुकले की साखर घसरते. ग्लिप्टिन गटातील औषधे त्या मानाने सौम्य. सेमाग्लुटाइडसारखी औषधे भूक व वजनही उतरवतात.

देशी वनस्पतींत बेडकीचा पाला, म्हणजेच गुडमार किंवा मधुनाशिनी, सर्वांत लक्षवेधी. कोकणात व सह्याद्रीच्या रानात झुडपांवर चढणारा हा वेल. पाने समोरासमोर, फुले बारीक पिवळी. दोन पाने चावून चिमूटभर साखर जिभेवर ठेवली तर वाळू खाल्ल्यासारखी लागते. पानांतील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोड चव ओळखणारी ग्राहके काही काळ अडवतात, म्हणून हा चमत्कार. जिभेची गोडी जाणे आणि रक्तातली साखर उतरणे या मात्र वेगळ्या गोष्टी. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत पानांचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम, दीड वर्षाहून अधिक काळ दिला. पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. आकडा आशादायक, पण रुग्ण थोडे आणि तुलनागट चिठ्ठ्या टाकून ठरवलेला नव्हता.

बिबळा ऊर्फ विजयसार याच्या लाकडाचे पेले जत्रांत व थंड हवेच्या ठिकाणी विकायला असतात. रात्री पेल्यात भरलेले पाणी सकाळी पिवळट-तपकिरी होते, उजेडात निळसर झाकही दिसते. आयसीएमआरने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नव्याने निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर विजयसाराने आटोक्यात आली. त्यात तर तुलनागटच नव्हता. शिवाय तिथे मोजून अर्क दिला होता, पेल्यातले पाणी नव्हे. नव्या पेल्यातून जेवढे उतरते तेवढे जुन्यातून उतरत नाही, मग मात्रा ठरायची कशी?

मेथीदाण्यातील चिकट तंतू जेवणानंतरची साखर सावकाश चढू देतात. ही त्यातल्या त्यात भरवशाची वस्तू, आणि आहारातलीच. कारल्याविषयी कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. ब्राझीलमधील चाचणीत जांभळाच्या पानांचा चहा निरुपयोगी ठरला. आपल्याकडे बियांचे चूर्ण घेतात, त्याबद्दल ही चाचणी काही सांगत नाही. परसात लावले जाणारे ‘इन्सुलिनचे झाड’ नावापुरतेच. तोंडावाटे गेलेले इन्सुलिन पोटात पचून जाते.

वनस्पतीज म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत टिकणारी नाही. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, वाद राहिला. काही ‘शुद्ध आयुर्वेदिक’ पुड्यांत न सांगता ॲलोपॅथीची गोळी कुटून घातलेली सापडते, आणि म्हणूनच त्या ‘लागू पडतात’. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यान्वये गुन्हा आहे.

पाला किंवा चूर्ण घेणाऱ्याने ते डॉक्टरांना सांगावे. गोळ्यांसोबत घेतल्यास साखर एकदम खाली येऊ शकते. प्रकार १ च्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नसलेल्या, रुग्णाने इन्सुलिन थांबवून यांपैकी कशावरही विसंबू नये. त्यात काही दिवसांतच जीव जाऊ शकतो.