३९ मिनिटं

तर झालं असं की गेल्या शनिवारी घाटकोपरच्या मॉलमध्ये बायको चपला बघत होती आणि मी समोरच्या घड्याळांच्या शोरूममध्ये शिरलो. घ्यायचं काही नव्हतंच. काउंटरवरच्या मुलाने ते ओळखलं असणार, तरी बिचाऱ्याने हातमोजे चढवले आणि ट्रे बाहेर काढला. टॅग ह्यूअरचं कॅरेरा, क्रोनोग्राफ. "सर, ट्राय तर करा."

केलं ट्राय. किंमत ऐकल्यावर मनगट आपोआप ताठ झालं :)

क्रोनोग्राफ म्हणजे पोटात स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा पळायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर. कडेला टॅकीमीटरचे आकडे. एक किलोमीटर जायला किती सेकंद लागले त्यावरून थेट वेग वाचायचा. गणित सोपं आहे: ३६०० भागिले सेकंद. १९६३ मध्ये जॅक ह्यूअरने 'कॅरेरा' हे नाव मेक्सिकोतल्या एका जीवघेण्या मोटर रेसवरून उचललं.

आता मी मुलुंडचा. आमच्याकडे रेस म्हणजे फास्ट ट्रॅकवरची गाडी आणि स्लो ट्रॅकवरची गाडी. म्हटलं, आपल्याच लाइनवरची सगळ्यात जुनी गाडी या घड्याळावर लावून बघू. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, ५७ मिनिटं. ३० मिनिटांच्या छोट्या डायलवर एक फेरी पुरी आणि वर २७. सरासरी वेग ताशी जेमतेम ३६. गंमत म्हणजे टॅकीमीटरवर तो सापडतच नाही! आकडे ६० ला संपतात, कारण किलोमीटर एका मिनिटाच्या आत कापला तरच काट्याला वाचता येतो. साहेब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडलेली गाडी या स्विस घड्याळाच्या लेखी आउट ऑफ रेंज.

पण तो ५७ चा आकडा बघताना मला दुसराच आकडा आठवला. ३९.

आजी-आजोबांची लग्नपत्रिका बाबांनी जपून ठेवली आहे, १९५२ ची. मुहूर्ताच्या वेळेपुढे छापलंय, 'स्टँ. टा.' लहानपणी मला वाटायचं ते कार्यालयाचं नाव असेल. ते होतं स्टँडर्ड टाइम. तेव्हा मुंबईत दोन वेळा चालायच्या. १९०५ मध्ये रेल्वेने आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारने आजची भारतीय प्रमाणवेळ घेतली. मुंबईची स्वतःची, सूर्यावरची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे. महापालिकेत फिरोजशहा मेहतांनी हा बदल लोकांना विश्वासात न घेता लादलाय म्हणून विरोध केला, आणि शहराने आपली वेळ चालू ठेवली. थेट १९५५ पर्यंत! म्हणजे आजोबा परळच्या गिरणीतून सुटून स्टेशनात शिरले की ३९ मिनिटं पुढे जायचे. कोणी भेटायची वेळ दिली की त्यांचा पहिला प्रश्न, "कुठल्या टायमानं?"

तिकडे १९१६ मध्ये याच ह्यूअर कंपनीने सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारं स्टॉपवॉच काढलं होतं. आणि इकडे सहा वाजले की नाहीत यावर एकमत नव्हतं.

हसू येतं खरं. पण यातली एक गोष्ट मला हसण्यावारी नेता येत नाही. जानेवारी १९०६ मध्ये हजारो गिरणी कामगारांनी माग सोडले आणि गिरण्यांवर दगडफेक केली. कारण? घड्याळ पुढे सरकवलं. कागदावर सहा म्हणजे सहाच, मिनिटंही तेवढीच. पण सूर्य काही सर्क्युलर वाचत नाही. नव्या सहाला पोचायचं म्हणजे जुन्या ५:२१ ला, अंधारात. याला अडाणीपणा म्हणणारे आजही भेटतात. मला तर त्यांचा हिशोब चोख वाटतो. दर नोव्हेंबरात अमेरिकेतल्या क्लायंटचं घड्याळ एक तास मागे जातं आणि माझा साडेसातचा कॉल साडेआठला सरकतो. त्यांचे तिकडे सकाळचे दहाच. मुलीचं जेवण, गोष्ट, झोप हे सगळं चार महिने माझ्याशिवाय. आम्ही काय करतो? कॅलेंडर इन्व्हाइट ॲक्सेप्ट करतो.

"सर, पॅक करू?" मुलाने हसत विचारलं. मीही हसलो. काटा अजून पळत होता, तो थांबवला, शून्यावर आणला आणि घड्याळ परत दिलं.

घरी जाताना फास्ट मिळाली. दारातून किलोमीटरची पाटी दिसली तसा मोबाइलवर स्टॉपवॉच लावला, पुढच्या पाटीला थांबवला. ५१ सेकंद. म्हणजे ताशी सत्तर. बायको म्हणाली, "चपला कशा आहेत ते तरी बघ."