स्त्री-कारागृहांवरील देखरेख : मुंबईतील एक प्रकरण

तपासणी आणि देखरेख या दोहोंत भेद आहे. तपासणी खात्याचा अधिकारीही करू शकतो. स्वतंत्र देखरेखीस मात्र पाहणारा खात्याबाहेरचाच असावा लागतो. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने स्त्रियांना पुरुष बंद्यांपासून वेगळे ठेवणे बंधनकारक केले. अभ्यागतांची कल्पनाही त्यात होती. परंतु त्यांच्या नेमणुकीचे नियम करण्याचा अधिकार सरकारकडेच राहिला. या व्यवस्थेची मर्यादा पुढे मुंबईत स्पष्ट झाली.

मे १९८२ मध्ये कारागृह महानिरीक्षकांच्या परवानगीने पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा बंदिनींच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. ए. आर. देसाई यांस कारागृहात पाठविले. बंदिनींना विधिसाहाय्याची पुरेशी सोय नसल्याचे त्यांच्या अहवालावरून दिसून आले.

फेब्रुवारी १९८३ च्या निर्णयात न्यायालयाने दोन प्रकारचे उपाय सांगितले. स्त्रियांच्या कोठडीवर स्त्री-शिपायांचा पहारा असावा, हा पहिला; शहरातील सत्र न्यायाधीशाने, शक्यतो स्त्री-न्यायाधीशाने, पोलीस कोठड्यांना पूर्वसूचनेवाचून भेटी द्याव्यात, हा दुसरा. पहिल्याने पहारेकरी बदलतो. दुसऱ्याने पहारेकऱ्यावर नजर राहते.

दरम्यान, बारसे यांनी मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यास आरंभ केल्यावर त्यांची परवानगी काढून घेण्यात आली. १९८७ च्या निर्णयात न्यायालयाने अशा मुलाखतींची आवश्यकता मान्य केली. तथापि त्या नियंत्रित असाव्यात व ध्वनिमुद्रणास परवानगी लागेल, असेही ठरविले. ज्यांच्या कारभाराची पाहणी व्हावयाची, दाराची किल्ली त्यांच्याच हाती राहिली.

जून २०१७ मध्ये भायखळा येथील महिला कारागृहात एका बंदिनीचा मृत्यू झाला आणि मारहाणीच्या आरोपावरून कारागृहातील सहा जणींवर खुनाचा गुन्हा नोंदविण्यात आला. आरोपी कर्मचारी सर्व स्त्रियाच होत्या. स्त्रियांवर स्त्रियांचा पहारा ही सुधारणा आवश्यक खरी. परंतु ती बाहेरच्या नजरेची जागा घेऊ शकत नाही. १९८३ च्या दोन उपायांपैकी पहिला अमलात आणणे खात्यास सोयीचे असते. बंदिनीचे संरक्षण मात्र दुसऱ्यावर अधिक अवलंबून आहे, हाच या प्रकरणाचा निष्कर्ष होय.